डीएनए इंडेक्स सारखा १.०७ येतोय? आधी कंट्रोलच्या ट्यूबमधल्या पेशी मोजा

लक्षण आधी सांगते. गाठीचा नमुना फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडून त्यांचा प्रकाश मोजणारं यंत्र) चालवला की जी१चं, म्हणजे डीएनए अजून दुप्पट न केलेल्या पेशींचं, एकच शिखर दिसायचं. सरळ, सुबक, कुठे खांदा नाही की दुभंगलेलं टोक नाही. तरी डीएनए इंडेक्स, म्हणजे गाठीच्या पेशीतला डीएनए निरोगी पेशीच्या किती पट (सारखा असेल तर १.०), काढला की १.०६, १.०७, फार तर १.०८. स्तनाची गाठ असो, आतड्याची असो की मानेतला लिम्फ नोड असो, आकडा तोच. एखाद्या नमुन्यात असं आलं असतं तर आम्ही ते मान्य करून पुढे गेलो असतो. पण एका आठवड्यात नऊपैकी सात गाठी एकाच दिशेला आणि जवळपास तेवढ्याच सरकल्या. वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या अवयवांच्या गाठी अशा एका मापाने बदलत नसतात. बदललं होतं ते आमचं माप.

मी मिरजेत एका लॅबमध्ये काम करते. हा दोष आमच्याकडे तीनदा आला. दोनदा तो आपोआप गेला असं वाटलं, तिसऱ्यांदा मूळ सापडलं. ज्यांच्याकडे हे यंत्र आहे पण शेजारी विचारायला कुणी जाणकार नाही, त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते. मोठ्या शहरात एका इमारतीत चार यंत्रं असतात. दुसऱ्यावर चालवून बघता येतं. आपल्याकडे सांगली, सातारा, कऱ्हाड, जिथे असेल तिथे एकच.

आमची पद्धत नेहमीची होती. प्रोपिडियम आयोडाइड, म्हणजे पीआय, हा रंग डीएनएच्या दोन धाग्यांच्या मधे जाऊन बसतो. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर त्याच्यावर पडला की तो तांबडा प्रकाश देतो, सर्वात जास्त ६१७ नॅनोमीटरच्या आसपास. डीएनए जितका जास्त तितका प्रकाश जास्त, असं आपण धरून चालतो. निरोगी रक्तातल्या लिम्फोसाइटचं (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), म्हणजे कंट्रोलचं, जी१ शिखर आम्ही रोज सकाळी २०० नंबरच्या चॅनेलवर (यंत्राच्या प्रकाशाच्या मोजपट्टीवरचा आकडा) आणून ठेवायचो आणि दिवसभर गाठींची शिखरं त्या २००शी ताडून बघायचो. गाठीचं शिखर २१४ वर आलं, भागिले २००, इंडेक्स १.०७. सगळी गडबड या भागाकारात होती. पण तिथपर्यंत पोचायला आम्हाला बरेच दिवस लागले, कारण आम्ही आधी बाकी सगळीकडे शोधलं.

पहिला संशय उन्हाळ्यावर गेला

मे महिना होता. दुपारी वीज गेली की यंत्र यूपीएसवर चालू राहायचं, पण एसी बंद पडायचा, कारण त्याचा भार यूपीएसला झेपत नव्हता. बाहेर चाळीस अंश, आत पाऊण तासात खोली तापायची. सकाळी लिम्फोसाइटच्या शिखराचा सीव्ही, म्हणजे टक्क्यांत मोजलेली रुंदी, ३ टक्के असला तर दुपारी तोच ६ टक्के. म्हणून आम्ही ठरवूनच टाकलं की इंडेक्सही उन्हामुळेच सरकतोय. एसीसाठी वेगळी इन्व्हर्टर लाइन घेतली, खोली २२ ते २४ अंशांवर धरली, यंत्र चालू केल्यावर अर्धा तास लेझर स्थिर होईपर्यंत एकही ट्यूब लावायची नाही असा नियम केला.

सीव्ही खाली आला आणि दिवसभर खालीच राहिला. इंडेक्स मात्र १.०७ तो १.०७च.

हा खर्च वाया गेला असं नाही, उलट पुढे तो फार उपयोगी पडला. त्याबद्दल खाली येतेच. पण त्या वेळी आम्ही दोन दोष एक समजून बसलो होतो. शिखर रुंद होणं वेगळं आणि शिखर सरकणं वेगळं. रुंदीची कारणं बहुतेक यंत्रात आणि पेशींच्या अवस्थेत असतात: लेझर नीट जुळलेला नाही, फ्लो सेलमध्ये बुडबुडा किंवा कचरा अडकलाय, नमुना फार वेगाने ओढला जातोय, पेशी अर्धवट कुजल्यात. पूर्ण शिखर सुबकपणे उचलून बाजूला ठेवल्यासारखं सरकलं असेल, तर रंग आणि डीएनए यांच्यातल्या हिशेबाकडे बघायला हवं.

दुसरा संशय आरएनेजवर, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमवर. पीआय डीएनए आणि आरएनए असा भेद करत नाही. दुहेरी धाग्याचा आरएनए असेल तर त्यालाही तो चिकटतो. गाठीच्या पेशी भराभर प्रथिनं बनवत असतात, त्यांच्यात आरएनए भरपूर. झोपलेल्या लिम्फोसाइटमध्ये तुलनेने कमी. आरएनेज कमजोर पडलं तर गाठच उजवीकडे सरकणार, लिम्फोसाइट जागेवर राहणार. हे कारण इतकं चपखल बसत होतं की मला वाटलं, सापडलं! नवीन आरएनेज आणलं, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर अर्धा तास. (साधं आरएनेज असेल तर आधी उकळून घ्या. त्यात डीएनेजचा (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमचा) अंश असतो, तो उष्णतेने मरतो. आरएनेज टिकून राहतं.) शिखर जरा अरुंद झालं, पण हललं नाही.

तिसरा संशय रक्त देणाऱ्यावर. कंट्रोलचं रक्त आमच्याच एका सहकाऱ्याचं असायचं आणि त्या आठवड्यातल्या बहुतेक गाठी स्त्रियांच्या होत्या. एक्स गुणसूत्र मोठं, वाय छोटं. त्यामुळे स्त्रीच्या पेशीत पुरुषाच्या पेशीपेक्षा सुमारे दीड टक्का डीएनए जास्त असतो. म्हणून आम्ही माझं रक्त घेतलं. अपेक्षेप्रमाणे इंडेक्स दीड-एक टक्क्याने खाली आला. ७ टक्क्यांतले दीड गेले, बाकीचे तसेच. तेव्हापासून स्त्री रुग्णाला स्त्रीचं कंट्रोल, पुरुषाला पुरुषाचं, हा नियम मात्र कायम झाला.

सापडलं कुठे

आमच्याकडे तासगावहून येणारी एक विद्यार्थिनी होती, प्रशिक्षणासाठी. सेंट्रिफ्यूज थांबलं, तिने ट्यूब बाहेर काढून स्टँडमध्ये लावल्या आणि म्हणाली, "ताई, ह्या कंट्रोलच्या ट्यूबचा गाळ केवढा आहे बघा की. बाकीच्यांत तर दिसतपण नाही."

मी बघितलं. रोज बघत होतेच, पण त्या नजरेने नव्हते बघितलं. कंट्रोलच्या ट्यूबच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गोळी, आणि शेजारच्या गाठीच्या ट्यूबमध्ये भिंगातून शोधावा असा धुरकट ठिपका. रक्तातून लिम्फोसाइट हवे तेवढे मिळतात. सुईने काढलेल्या नमुन्यातून पेशी मिळवताना मात्र नाकी नऊ येतात. आणि दोन्ही ट्यूबमध्ये आम्ही पीआय मात्र सारखाच घालत होतो: ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं द्रावण, अर्धा मिली.

त्या दिवशी न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायची आखीव काच) मोजलं. कंट्रोलमध्ये सुमारे ४० लाख पेशी. गाठीच्या ट्यूबमध्ये ५ लाख, एकीत तर ३ लाखच.

आता हिशेब मांडून बघा. माणसाच्या एका साध्या डिप्लॉइड (गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच असलेल्या) पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. ४० लाख पेशींचा झाला साधारण २६ मायक्रोग्रॅम. आणि अर्ध्या मिलीत आपण घातलेला पीआय किती? २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे रंग आणि डीएनए वजनाने जवळजवळ सारखे. यातला बराच रंग डीएनएला चिकटून संपतो, द्रावणात मोकळा उरतो तो कमी, आणि मोकळा रंग कमी झाला की प्रत्येक पेशीच्या वाट्याला येणारा रंगही घटतो. कंट्रोल फिकं पडतं. ५ लाखांच्या ट्यूबमध्ये डीएनए सव्वातीन मायक्रोग्रॅम. तिथे रंग उदंड, पेशी पूर्ण रंगतात. गाठ उजवीकडे गेलीच नव्हती. आमचं कंट्रोलच डावीकडे घसरलं होतं आणि आम्ही सकाळी प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवून त्या घसरलेल्या शिखराला २०० वर बसवत होतो.

खात्री करायला एकाच माणसाचे लिम्फोसाइट घेऊन चार ट्यूब केल्या: ४०, २०, १० आणि ५ लाख. रंग सारखा, वेळ सारखी, व्होल्टेजला हात लावला नाही. ४० लाखांचं शिखर आलं १८७ वर. २० लाखांचं १९५, १० लाखांचं २००, आणि ५ लाखांचं २०१. २०१ भागिले १८७ करून बघा. निरोगी माणसाच्या रक्ताचा त्याच रक्ताशी काढलेला इंडेक्स १.०७!

१० आणि ५ लाखांत फरक जवळपास नाही, हेही लक्षात घ्या. तिथे रंग पुरून उरतो. म्हणून आम्ही आता एका मिली रंगात १० लाखांच्या वर पेशी कधीच घालत नाही, आणि ट्यूब कुणाचीही असो, मोजल्याशिवाय रंग घालत नाही.

याला जोडून आणखी एक चूक होती. कंट्रोलची ट्यूब पहिली असल्यामुळे रंग घालून पाच-दहा मिनिटांत चालवली जायची, गाठींच्या ट्यूब मात्र रांगेत तास-दीड तास थांबायच्या. पीआयला पेशीत समतोल गाठायला वेळ लागतो. घाईत चालवलेलं कंट्रोल पुन्हा फिकं दिसतं, म्हणजे चूक त्याच दिशेची. आता सगळ्या ट्यूबना अंधारात किमान अर्धा तास, आणि शेवटची ट्यूब चालवून झाली की कंट्रोल पुन्हा एकदा. सकाळचं आणि शेवटचं शिखर जुळलं नाही तर मधल्या नमुन्यांचे आकडे त्या दिवशी लिहायचे नाहीत.

आधी दोनदा हा दोष आपोआप कसा गेला, तेही मग उलगडलं. त्या दिवसांत रक्त देणारा सहकारी सुट्टीवर होता आणि दुसऱ्याकडून आम्ही अर्धीच ट्यूब रक्त घेतलं होतं.

मिश्र ट्यूब

पेशी मोजणं हा इलाज झाला. पण मुळात बाहेरच्या कंट्रोलवर विसंबून भागाकार करणं हीच कच्ची पद्धत आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए सायटोमेट्रीच्या सहमती-मार्गदर्शनातही हेच आहे की एकाच नमुन्यात जी१ची दोन स्पष्ट वेगळी शिखरं दिसल्याशिवाय अ‍ॅन्युप्लॉइड (डीएनए नेहमीपेक्षा वेगळ्या प्रमाणात असलेली गाठ) म्हणू नये. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर हे वाक्य आम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकवत होते. आम्ही ते अहवालाच्या भाषेचा नियम समजत होतो. प्रत्यक्ष कामाचा नियम आहे हे तेव्हा कळलं नाही.

आता प्रत्येक नमुन्याच्या तीन ट्यूब होतात. एकीत फक्त गाठ, एकीत फक्त कंट्रोल, तिसरीत दोन्ही एकत्र. एकत्र करायचं ते रंग घालण्याआधी. रंगवून झाल्यावर मिसळलं तर दोघांच्या रंगातला जुना फरक काही काळ तसाच राहतो आणि मिश्र ट्यूबचा अर्थच जातो. आधी मिसळलं की दोघं एकाच रंगात, एकाच तापमानात, तेवढाच वेळ असतात. कमी पडला तरी रंग दोघांनाही सारखाच कमी पडतो. मिश्र ट्यूबमध्ये एकच शिखर आलं तर गाठ डिप्लॉइड. दोन आली तर फरक खरा.

मात्र इथे सीव्ही आडवा येतो, आणि एसीचा खर्च इथे वसूल होतो. दोन सारख्या उंचीच्या शिखरांमधलं अंतर सीव्हीच्या दुपटीहून जास्त असेल तरच त्यांच्यामध्ये दरी दिसते. सीव्ही ३ असेल तर ७ टक्क्यांचा फरक जेमतेम दिसतो. २ असेल तर स्वच्छ. ६ असेल तर दोन शिखरं मिळून एक जाडजूड टेकडी होते आणि तुम्ही निर्धास्तपणे डिप्लॉइड लिहून मोकळे होता. म्हणून मिश्र ट्यूबचा निकाल वाचण्याआधी सीव्ही वाचायचा. नमुना यंत्राच्या सर्वात कमी वेगावर ओढा. वेग वाढवला की नमुन्याचा प्रवाह जाड होतो, पेशी लेझरच्या मध्यावरून जायच्या ऐवजी इकडून तिकडून जातात आणि शिखर पसरतं. कंटाळवाणं काम आहे, एका ट्यूबला पाच-सात मिनिटं लागतात, पण याला पर्याय नाही. आणि चालू ट्यूबमध्ये वेग बदलू नका. त्याने एकाच नमुन्याची दोन शिखरं झालेली मी पाहिली आहेत.

हे ओळखायला वेळेचा आलेख फार कामाचा आहे, आणि बरेचजण तो उघडतच नाहीत. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर पीआय. सगळं ठीक असेल तर जी१ची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ आडवी जाते. मधेच पायरी दिसली तर बुडबुडा किंवा वेगातला बदल. हळूहळू उतार दिसला तर ट्यूब थंडीतून काढून लगेच लावली आहे किंवा रंग अजून मुरतोय. दोन शिखरं दिसली आणि वेळेच्या आलेखात पट्टी एकच असून मधे तुटलेली असली, तर ती अ‍ॅन्युप्लॉइडी नव्हे.

त्या सात नमुन्यांपैकी पाच इथेनॉलमध्ये ठेवलेले शिल्लक होते. पाचही मिश्र ट्यूबमध्ये चालवले. चार डिप्लॉइड निघाले. पाचव्यात खरोखर दुसरं शिखर होतं, पण ते १.४ च्या पुढे. आमच्या चुकीच्या दिवशी त्याच नमुन्यात त्या दुसऱ्या शिखराच्या पेशी इतक्या कमी आणि ते इतकं रुंद होतं की काय पाहतोय ते आम्हाला कळलं नव्हतं. सरांनी सुधारित अहवाल काढले, ज्या डॉक्टरांकडून नमुने आले त्यांना स्वतः फोन केले. उरलेल्या दोघांचे नमुने नव्याने मागवले.

कोंबडीचं रक्त, आणि डावीकडचं शिखर

आतल्या आत मोजपट्टी हवी असेल तर कोंबडीच्या तांबड्या पेशी उत्तम. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं आणि त्यातला डीएनए माणसाच्या डिप्लॉइड पेशीच्या साधारण ३५ टक्के. माणूस २०० वर असेल तर कोंबडी ७० च्या आसपास. जुन्या पद्धतींत कोंबडीबरोबर ट्राउट माशाच्या पेशीही घालतात, त्या साधारण ८० टक्क्यांवर येतात. पण ट्राउट थंड पाण्याचा मासा, आपल्या कृष्णेत कुठला मिळायचा? कोंबडी मात्र मिरजेच्या बाजारात रोज सकाळी मिळते. आमचे मामा ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब घेऊन दुकानात जातात आणि दोन मिली रक्त आणतात. धुऊन, थंड इथेनॉलमध्ये ठेवलं की बरेच दिवस पुरतं.

त्यातून दोन गोष्टी कळतात. कोंबडीच्या पेशी एकमेकींना चिकटतात, जोडी होते, तिकडी होते. एकटीचं शिखर ७० वर असेल तर जोडीचं १४० वर आणि तिकडीचं २१० वर यायला हवं. आलं नाही तर यंत्राचं मोजमाप सरळ रेषेत नाही, आणि मग कुठलाच भागाकार खरा नाही. दुसरं, लिम्फोसाइट आणि कोंबडी यांचं गुणोत्तर तुमच्या लॅबमध्ये एकदा नीट मोजून ठेवा. ते हललं की रंगवण्यात काहीतरी बिघडलं आहे असं समजा, गाठीकडे बघायच्या आधीच.

पण कोंबडीचा खरा उपयोग मला लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात झाला. हा भाग घाईत वाचू नका. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात डीएनए इंडेक्स १.१६ किंवा त्याहून जास्त असेल, म्हणजे गुणसूत्रं साधारण ५३ च्या पुढे, तर ते चांगलं लक्षण मानतात. अशी मुलं उपचाराला चांगला प्रतिसाद देतात. उलट गुणसूत्रं निम्म्याच्या जवळ, २४ ते ३० च्या आसपास घटलेली असतील तर आजार फार अवघड. आता अडचण अशी, की ही निम्मी झालेली पेशी पुष्कळदा आपली सगळी गुणसूत्रं दुप्पट करून घेते. २८ची झाली ५६. इंडेक्स आला १.२. कागदावर ती चांगल्या गटातली दिसते आणि असते सगळ्यात वाईट गटातली.

सुटका एकच: अशा नमुन्यात बहुतेक वेळा मूळ निम्म्या पेशींचं छोटं शिखर डावीकडे, ०.६ च्या आसपास शिल्लक असतं. आपण ते बघायचं. आणि नेमकं तेच आपण कापून टाकतो. कचरा नको म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे यंत्राने मोजायची खालची मर्यादा, १५० च्या चॅनेलपर्यंत वर नेऊन ठेवतो, मग १२० वरचं शिखर पडद्यावर येतच नाही. मी स्वतः वर्षभर असंच करत होते. आता थ्रेशोल्ड कोंबडीच्या शिखराच्या खाली ठेवते. ७० वर कोंबडी स्पष्ट दिसतेय म्हणजे डावी बाजू उघडी आहे, याची ती खूण. फक्त कोंबडीची जोडी १४० वर येते हे विसरू नका. म्हणून ल्युकेमियाचा नमुना एकदा कोंबडीसह आणि एकदा कोंबडीशिवाय चालवते.

डावीकडे काही दिसलं की ते शिखर आहे की मरणाऱ्या पेशींचा ढिगारा, हे आकारावरून ओळखता येतं. मरणाऱ्या पेशींचा डीएनए तुकड्यातुकड्याने जातो, त्यामुळे जी१च्या डावीकडे पसरट उतार दिसतो. खऱ्या हायपोडिप्लॉइड (डीएनए नेहमीपेक्षा कमी असलेल्या) पेशींचं शिखर अरुंद, टोकदार, बाकीच्या शिखरांसारखाच सीव्ही असलेलं. ०.६ ला लहानसं टोक आणि १.२ ला मोठं, असं जोडीने दिसलं की मी इंडेक्सचा आकडा लिहायच्या आधी सरांना उठून बोलवते. अशा वेळी गुणसूत्रांची तपासणी झाल्याशिवाय मुलाचा गट ठरवू नये, असं अहवालात स्पष्ट शब्दांत जातं. समोर आई-बाप बसलेले असतात, जतहून पहाटेच्या एसटीने आलेले. त्यांच्या मुलाचे उपचार किती कडक द्यायचे हे ज्या आकड्यांवर ठरतं त्यातला एक आपल्या पडद्यावर आहे.

बाकीचे दोष, थोडक्यात

इंडेक्स बरोबर २.० आला तर लगेच टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे चार संच असलेली) म्हणू नका. जी१च्या दोन पेशी चिकटून लेझरसमोरून गेल्या तर यंत्राला त्या दुप्पट डीएनएची एक पेशी वाटतात. क्षेत्रफळ आणि रुंदी यांचा आलेख काढा. जोडीचं क्षेत्रफळ जी२ (विभाजनाआधी डीएनए दुप्पट झालेली पेशी) एवढंच असतं पण ती लांबट असल्याने रुंदी जास्त, त्यामुळे ती बाजूला पडते. तिला गेटच्या (मोजणीसाठी आखलेल्या चौकटीच्या) बाहेर ठेवा. खरी टेट्राप्लॉइड गाठ असेल तर तिचं स्वतःचं जी२ शिखर चौपटीवर दिसतं. यकृताच्या नमुन्यात मात्र निरोगी पेशींतही टेट्राप्लॉइड असतात, तिथे जपून.

गोळे होत असतील तर इथेनॉल घालायच्या पद्धतीत बघा. पेशींवर इथेनॉल ओतायचं नाही. पेशी आधी थोड्या सलाइनमध्ये नीट सुट्या करून, व्होर्टेक्स (ट्यूब घुसळणारं यंत्र) हळू चालू ठेवून, ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये थेंब-थेंब सोडायच्या. यंत्रावर लावण्याआधी ४० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळून घ्या. हे दोन केले तर जोड्यांची निम्मी कटकट संपते.

ताजा नमुना लांबून येत असेल तर तो वाटेतच खराब होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतले रस्ते बंद पडले तेव्हा एक नमुना आमच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी पोचला, नुसत्या सलाइनमध्ये. जी१चं शिखर ओळखूच येत नव्हतं, डावीकडे नुसता ढिगारा. तेव्हापासून विटा, जत, इस्लामपूर अशा लांबच्या डॉक्टरांकडे आम्ही इथेनॉल भरलेल्या ट्यूब आधीच देऊन ठेवतो.

पॅराफिन ब्लॉकवर (फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) काम करत असाल तर बाहेरचे लिम्फोसाइट कंट्रोल म्हणून चालतच नाहीत. फॉर्मॅलिनने प्रथिनं जखडली जातात, रंग आत कमी जातो, आणि किती कमी ते प्रत्येक ब्लॉकचं वेगळं. त्याच ब्लॉकमधला निरोगी भाग वापरा. काप ५० मायक्रॉनचे घ्या. रोजचे पातळ काप घेतले तर केंद्रकंच चिरली जातात आणि अर्धवट केंद्रकांचा कचरा डावीकडे साचतो. पॅराफिन काढून, पाणी परत देऊन, ०.५ टक्के पेप्सिन, पीएच १.५, ३७ अंशांवर अर्धा तास. दोन शिखरं आली तर डावीकडचं डिप्लॉइड धरायचा संकेत आहे, त्यामुळे ब्लॉकमधून हायपोडिप्लॉइड असं ठामपणे सांगता येत नाही. सीव्ही ८ च्या वर गेला तर एस टप्प्याची (डीएनए दुप्पट करत असलेल्या पेशींची) टक्केवारी लिहू नका.

शेवटचं सफाईबद्दल. पीआय नळ्यांना धरून बसतो. तुमच्यानंतर त्याच यंत्रावर दुसरं कुणी जिवंत-मृत पेशींची किंवा पृष्ठभागाच्या खुणांची तपासणी करणार असेल तर त्यांच्या नमुन्यात तुमचा रंग उतरतो. दिवसाच्या अखेरीला १० टक्के ब्लीचची ट्यूब पाच मिनिटं, मग शुद्ध पाण्याची दहा मिनिटं, दोन्ही जास्तीच्या वेगावर. हातमोजे काढू नका, पीआय डीएनएमध्ये शिरतो तो आपल्याही शिरतो. उरलेला रंग बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत जमा करायचा. आणि पाण्याच्या ट्यूबमध्ये यंत्राला एकही घटना मोजायला मिळाली नाही हे पडद्यावर बघूनच लेझर बंद करा.